खानदेशातील घेवडा आणि वाल

खानदेशची ख्याती कापूस, केळी, भुईमूग आणि भरताची वांगी यांवर उभी राहिलेली असल्यामुळे, या प्रांताच्या शेतीविषयी लिहिणाऱ्याने घेवड्यासारख्या किरकोळ पिकाकडे वळून पाहावे असा प्रघात नाही. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा जो खानदेश-खंड प्रसिद्ध झाला त्या काळीही इकडच्या कडधान्यांत मान होता तो तूर, हरभरा, कुळीथ, मूग आणि उडीद यांना. कारण ती वाळवून कणगीत भरता येतात, त्यांवर सारा भरता येतो आणि सावकाराच्या वहीत त्यांची किंमत मांडता येते. हिरव्या शेंगेचे तसे नाही. ती आज तोडावी, उद्या विकावी आणि परवा तिची गणना कचऱ्यात व्हावी, इतके तिचे आयुष्य अल्प. त्यामुळे तिची लागवड विहिरीच्या थारोळ्याजवळ, परसात, फार तर दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात चालत आली आणि पेरेपत्रकाच्या रकान्यांतून निसटत राहिली. पण दप्तराने दुर्लक्षिलेले पीक अभ्यासकानेही दुर्लक्षावे असा काही कायदा नाही, आणि या शेंगेच्या बाबतीत खानदेशचे हवामान एक असा प्रश्न उभा करते की ज्याचे उत्तर वनस्पतीच्या इतिहासात शिरल्यावाचून मिळत नाही.

मराठीत घेवडा या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या वनस्पती नांदतात. एक म्हणजे वाल, ज्याची चपटी, रुंद, कडेला जांभळट छटा असलेली शेंग कुंपणावरच्या वेलीला लोंबते. दुसरा श्रावण घेवडा, ज्याला शहरात फरसबी म्हणतात आणि ज्याची शेंग लांब, गोलसर, सडपातळ असते. पहिली आफ्रिकेतून आलेली, परंतु इतक्या प्राचीन काळी आलेली, की तिला परदेशी म्हणणे हास्यास्पद ठरावे. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांत, पुणे जिल्ह्यातील इनामगावसारख्या ठिकाणी, इतर कडधान्यांबरोबर वालाचेही जळके दाणे हाती आले आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळ ही वेल आपल्या अंगणात आहे. दुसरी मात्र कालची पाहुणी.

श्रावण घेवड्याच्या मूळ स्थानाविषयी युरोपातील पंडितांचा मोठा गोंधळ होता. आधुनिक वनस्पतिशास्त्राचा आद्य नामकर्ता लिनियस याने १७५३ साली या वनस्पतीला आजही चालू असलेले शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तिचे वसतिस्थान म्हणून त्याने बिनदिक्कत हिंदुस्थान असे लिहून टाकले. आणि ज्या देशात ती जेमतेम किनाऱ्यावर उतरली असेल त्या देशाला तिचे जनकत्व काही काळ फुकट लाभले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरू देशातील अँकोन येथील प्राचीन थडग्यांतून निघालेले दाणे विटमाक या जर्मन शास्त्रज्ञाने तपासले आणि ते घेवड्याचेच असल्याचे दाखवून दिले, तेव्हापासून हा वाद मिटला. आज हे निर्विवाद आहे की घेवडा अमेरिका खंडाचा; आणि तोही एकदा नव्हे तर दोनदा, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन प्रदेशांत माणसाळवला गेला. मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या बाजूला लहान दाण्याचा वंश तयार झाला, दक्षिणेकडे अँडीज पर्वताच्या उतारांवर मोठ्या दाण्याचा. मेक्सिकोतील शेतकरी मक्याच्या ताटावर घेवड्याची वेल चढवीत आणि खाली जमिनीवर भोपळा पसरू देत. ज्वारीत तूर, बाजरीत मूग, कपाशीत उडीद अशी मिश्र पिके पाहत वाढलेल्या खानदेशच्या कुणब्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

कोलंबसाच्या सफरींनंतर, म्हणजे १४९२ नंतरच्या शतकात, हे बियाणे स्पेन व पोर्तुगालमार्गे युरोपात गेले आणि पुढे पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून मिरची, भुईमूग, मका यांच्याप्रमाणे आपल्या किनाऱ्याला लागले. परंतु युरोपातील मुक्कामात या वनस्पतीच्या स्वभावात एक असा पालट झाला, की त्याचे परिणाम आज भडगावच्या किंवा शिरपूरच्या मळ्यातही भोगावे लागतात. तो पालट समजण्यासाठी प्रथम आपल्या वालाकडे पाहिले पाहिजे.

जुन्या वालाची वेल मृगाच्या पावसावर लावली तरी आषाढ, श्रावण, भाद्रपद असे तीन महिने ती नुसती पाने काढीत कुंपणभर पसरते, आणि दसऱ्याच्या पुढेमागे एकाएकी तिला तुरे येऊ लागतात. महिनाभर उशिरा लावली तरी तुरे येण्याची वेळ फारशी बदलत नाही. याचे कारण असे की ही वनस्पती दिवसाची लांबी ओळखते. खानदेशात ज्येष्ठातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांहून किंचित अधिक असतो आणि मार्गशीर्ष-पौषातला लहानात लहान दिवस अकरा तासांच्या आसपास येतो; एवढासा फरक माणसाच्या ध्यानात येवो न येवो, वालाची पाने तो बरोबर टिपतात. वास्तविक वनस्पती मोजते ती रात्रीची अखंड लांबी. रात्र पुरेशी मोठी झाल्याचे पानातील प्रकाशग्राही द्रव्याने कळविल्याशिवाय फुलांचे काम सुरू होत नाही. पाऊस संपल्यावर, आभाळ निवळल्यावर, फुले गळण्याची आणि शेंग कुजण्याची भीती सरल्यावर मगच बहर यावा, असा हा बंदोबस्त निसर्गाने व हजारो वर्षांच्या निवडीने करून ठेवला आहे. वालाच्या मालकाला पंचांग पाहावे लागत नाही.

घेवड्याचे रानटी पूर्वजही असेच लहान दिवसांची वाट पाहणारे होते. पण युरोपच्या उत्तर भागात उन्हाळ्याचा दिवस सोळा-सोळा तासांचा. तिथे ही वेल रात्र मोठी होण्याची वाट पाहत बसली तर फुलांच्या आधी हिमच यायचे. म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी, त्यामागचे शास्त्र ठाऊक नसतानाही, जी झाडे लवकर फुलली त्यांचेच बी पिढ्यानपिढ्या राखले, आणि त्यातून दिवसाच्या लांबीची फिकीर न करणारा, वेल सोडून झुडूप झालेला, पेरणीपासून पाच-सहा आठवड्यांत फुलणारा बुटका घेवडा निर्माण झाला. आज आपण जो पेरतो तो बहुधा याच घराण्यातला. त्याला कोणत्याही महिन्यात लावा, तो ठरल्या दिवशी फुलणार. बाहेर हवा कशी आहे याचा विचार करण्याची जबाबदारी त्याने लावणाऱ्यावर सोपविली आहे. खानदेशात घेवडा फसतो तो बहुतेक वेळा ही जबाबदारी न ओळखल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीला आणि बियाण्याला दोष देणे आपल्याला सोपे जाते, इतकेच.

घेवड्याला सुमारे पंधरा ते पंचवीस अंशांची हवा मानवते. पारा तीस अंशांच्या वर रेंगाळू लागला, आणि त्यातही रात्री उबदार राहू लागल्या, की फूल उमलण्यापूर्वी आठ-दहा दिवस कळीत जे परागकण घडत असतात ते वांझ निघतात. फूल दिसायला नीटनेटके उमलते, पण देठाशी पिवळे पडून गळते. उलट कडाक्याची थंडीही त्याला सोसत नाही. वाढ खुंटते आणि हिम पडले तर झाड जळते. आता या नाजूक प्रकृतीच्या वनस्पतीला खानदेशात आणून पाहावे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमवाहिनी तापी अशा या द्रोणात जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरांवर वसलेले आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो हे सर्वांना ठाऊकच आहे; पण पौषात धुळ्याकडे तो दहाच्या बराच खाली उतरतो, हे पाहुण्यांना सांगूनही खरे वाटत नाही. सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो त्या उंच पठाराच्या सौम्य हवेमुळे. तसे भाग्य तापीकाठाला नाही. १९०६ साली खानदेश दुभंगून पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्यांतील पश्चिमेकडच्या, आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या तोरणमाळचे सुमारे साडेअकराशे मीटर उंचीचे पठार सोडले, तर घेवड्याला बारमाही सुखी ठेवील असे ठिकाण या प्रांतात मला दिसत नाही.

तेव्हा हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो. पेरणीची तारीख आधी न ठरवता फुलण्याची तारीख ठरवावी, आणि तेथून सुमारे पाच आठवडे मागे यावे. ज्येष्ठ-आषाढात पेरलेला घेवडा काळ्या जमिनीत पाणी साचून मुळाशी कुजतो. माघात पेरलेला फाल्गुनाच्या उन्हात फुलतो आणि फुले गाळून बसतो, किंवा धरल्याच शेंगा तर त्या पंधरवड्यात राठ होतात. मधला काळ राहतो तो घटस्थापनेपासून धनत्रयोदशीपर्यंतचा. अश्विनातले ऊन कडक असले तरी ते उगवणीला उपकारकच ठरते. उष्ण मातीत बी आठवड्याच्या आत वर येते. कार्तिकात, दिवसा तिशीच्या आसपास आणि रात्री पंधराच्या आसपास हवा असताना, झाड फुलावर येते. आणि पौषाची बोचरी थंडी येण्यापूर्वी पहिले दोन-तीन तोडे हाती लागतात. दिवाळीनंतर पेरलेले पीकही येते, पण थंडीत ते रखडते आणि शेवटचे तोडे उन्हाच्या तावडीत सापडतात. एवढा अरुंद दरवाजा असलेले दुसरे भाजीपीक खानदेशात क्वचितच असेल. उन्हाळ्यातील हिरव्या शेंगेची उणीव भरून काढण्यासाठी गवार आणि चवळी आहेत. त्या दोघी उन्हाच्याच लेकी. ज्या उन्हात घेवडा फुले टाकतो त्यात त्या भरभरून शेंगा देतात.

जमिनीचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. कपाशीला प्रिय असलेली भारी काळी जमीन घेवड्याला प्रिय नाही. त्याला मध्यम, भुसभुशीत, निचऱ्याची, तापी-गिरणेच्या काठची पोयटा असलेली जमीन हवी. आम्लाकडे किंचित झुकलेली माती त्याला मानवते, आणि आपल्या चुनखडीयुक्त जमिनींचा कल नेमका उलट असल्यामुळे लोह व जस्त झाडाला मिळेनासे होऊन पाने शिरांमधून पिवळी पडतात. खाऱ्या पाण्याला तर हे पीक भाज्यांमध्ये सर्वांत हळवे म्हणावे लागेल. ज्या विहिरीच्या पाण्याने वाफ्यावर पांढरे पोपडे धरतात त्या विहिरीवर घेवडा लावण्याच्या भानगडीत पडू नये.

याहून मोठा गैरसमज खताविषयी आहे. द्विदल पीक म्हणजे मुळांवर गाठी, गाठींत जिवाणू, जिवाणूंकडून हवेतील नत्र आणि म्हणून पुढच्या पिकाला उत्तम बेवड, हे सूत्र मूग-उडीद-हरभऱ्याच्या बाबतीत खरे आहे. घेवड्याच्या बाबतीत ते लंगडे पडते. त्याच्याशी जुळणारे जिवाणू आपल्या सपाट प्रदेशातील मातीत पुरेसे नसल्यामुळे गाठी फार थोड्या धरतात, आणि एवढ्या अल्प आयुष्यात त्यांचा उपयोग होण्यापूर्वीच झाड म्हातारे होते. म्हणून इतर कडधान्यांना हेक्टरी वीस-पंचवीस किलो नत्र पुरते, तिथे घेवड्याला शंभराच्या आसपास द्यावे लागते. अर्धे पेरणीच्या वेळी, उरलेले महिन्याच्या आत. बियाण्याला जिवाणूसंवर्धक चोळावा, पण त्याच्या भरवशावर खताची गोणी घरात ठेवू नये.

प्रत्यक्ष लागवड अवघड नाही. वखराच्या पाळ्या देऊन, शेणखत मिसळून सरी-वरंबे काढावे, वाफशावर दीड फुटाच्या अंतराने काढलेल्या वरंब्याच्या बगलेत वीतभर अंतरावर दाणे टोकावे आणि ते इंच-सव्वा इंचाहून खोल जाऊ देऊ नयेत. कारण घेवड्याचा कोंब आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन माती फोडतो आणि जड मातीत त्याची मान मोडते. बुटक्या जातीचे बी हेक्टरी पन्नास ते पाऊणशे किलो लागते. आंबवणीचे पाणी बेताने द्यावे. पुढे आठ-दहा दिवसांची पाळी चालते, पण फुलोरा आणि शेंग भरण्याच्या काळात ती चुकता कामा नये. इथेच खानदेशच्या सिंचनाचा इतिहास आडवा येतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बांधलेल्या जुन्या बंधाऱ्यांखाली फड पद्धती तीन-चारशे वर्षे चालत आली. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीने पाणी सोडायचे, जागल्याने राखण करायची आणि हवालदाराने सर्वांवर देखरेख ठेवायची, असा तो स्वयंशासित कारभार. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा इतका सुंदर नमुना महाराष्ट्रात दुसरा नाही. परंतु सर्वांच्या पाळीने येणारे पाणी ऊस आणि गव्हाला जसे पटते तसे घेवड्याला पटत नाही. त्याला थोडे पाणी हवे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या दिवशी. म्हणून हे पीक स्वतंत्र विहिरीवर अधिक शोभते, आणि जळगावच्या कारखानदारीमुळे ठिबकच्या नळ्या गावोगाव पोचल्यावर तर त्याची मोठीच सोय झाली.

रावेर-यावलकडे केळीच्या नव्या लागवडीत पहिल्या तीन-चार महिन्यांत रिकाम्या पट्ट्यांत काही शेंगभाजी घ्यावी असा मोह होतो. तो आवरलेला बरा. ज्याला तिकडे हरण्या म्हणतात तो केळीचा रोग काकडीवरच्या विषाणूमुळे होतो, मावा त्याला झाडोझाड नेतो, आणि काकडीवर्गीय वेलींप्रमाणे चवळीदेखील त्याला आश्रय देते. शेंगवर्गावर मावा हटकून येतोच. चार पोती शेंगांसाठी केळीची बाग संकटात घालणे हा व्यवहार नव्हे.

रोगांची लांबलचक यादी देऊन वाचकाला कंटाळा आणणार नाही. तांबेरा आणि करपा हे दोन मुख्य. दोन्ही बुरशीजन्य आणि दोन्ही ओल्या पानांवरून माणसाच्या कपड्यांबरोबर पसरणारे. सकाळचे दव सुकण्यापूर्वी घेवड्याच्या रानात पाय न घालणे हा त्यांवरचा बिनपैशाचा उपाय आहे आणि म्हणूनच कोणी तो करीत नाही.

पेरणीनंतर पन्नास दिवसांच्या आसपास पहिला तोडा येतो. दाण्याचा फुगवटा बाहेरून दिसू नये आणि शेंग वाकवली असता कट्‌दिशी मोडावी, ही तोडणीची वेळ. तीन-चार दिवसांनी पुन्हा हात फिरवावा लागतो, कारण झाडावर एकदा शेंग पिकू लागली की त्याचे जन्मकार्य सफल झाले असे समजून ते नवी फुले देण्याचे थांबवते. चांगल्या पिकातून हेक्टरी ऐंशी ते शंभर क्विंटल शेंगा मिळतात. पूर्वी या शेंगांच्या दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढण्यात घरातील बायकांची दुपार जात असे. ती वाचविण्याचे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील कीनी या बियाणे-संशोधकाला आहे, ज्याने १८९४ च्या सुमारास बिनशिरांची जात बाजारात आणली. आपल्याकडे पेरली जाणारी कंटेंडर अमेरिकेचीच, तर पुसा पार्वती ही दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने क्ष-किरणांच्या प्रयोगातून काढलेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले सुरेखा आपल्या हवेच्या अधिक ओळखीची म्हणून तिला पहिली पसंती द्यावी.

घेवड्याचे फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे शेजारच्या जातीशी संकर होण्याची भीती नाही आणि घरचे बी दरसाल राखता येते. डेन्मार्कचा वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सेन याने १९०३ साली याच गुणाचा फायदा घेऊन दाखविले की, एकाच झाडापासून वाढविलेल्या शुद्ध वंशातले जड दाणे निवडून पेरले काय आणि हलके पेरले काय, पुढच्या पिढीच्या दाण्यांचे सरासरी वजन तेच राहते. आनुवंशशास्त्राच्या पायाभरणीचा हा दगड शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. बियाण्यासाठी टपोरे दाणे वेचण्यात वेळ घालवू नये. डाग नसलेल्या, पाने न आकसलेल्या निरोगी झाडांवर आधीच दोरा बांधून ठेवावा आणि त्यांचेच बी धरावे, कारण करपा आणि विषाणूजन्य मोझॅक हे दोन्ही शत्रू बियातून पुढच्या साली घरात शिरतात.

स्वयंपाकघरात खानदेशी माणूस फरसबीच्या वाफाळलेल्या सपक तुकड्यांवर कधीच समाधान मानणार नाही. काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट आणि जोडीला कळण्याची भाकरी असल्याखेरीज तो शेंगेला भाजी म्हणत नाही. एक सूचना मात्र आवश्यक आहे. कोवळी शेंग शिजवल्यावर निरुपद्रवी असली तरी घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यांत, म्हणजे राजम्यात, पोट बिघडवणारे एक विषारी प्रथिन असते. ते दाणे रात्रभर भिजवून, पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळ उकळल्यावाचून खाऊ नयेत. कडव्या वालाचे भिजवणीचे पाणीही असेच फेकून द्यावे.

घेवड्याच्या बियाण्याची चिंता करायला विद्यापीठे आणि कंपन्या आहेत. कुंपणावरच्या जुन्या वालाचा वाली कोणी नाही. रात्र मोजणाऱ्या त्या वेली बाजाराला सोयीच्या नाहीत, त्या वर्षातून एकदाच फळतात, आणि दिवसाची लांबी न पाहणाऱ्या नव्या बुटक्या जाती आल्यापासून त्या एकेका गावातून नाहीशा होत आहेत. ज्यांच्या परसात अशी एखादी वेल अजून असेल त्यांनी या पौषात तिच्या दहा-वीस शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात, दाणे राखेत घालून मडक्याचे तोंड बांधून ठेवावे आणि मृगापूर्वी त्यांतले मूठभर शेजाऱ्याला द्यावेत.